हाताने लावलेले नट

माझा थोरला भाऊ घाबरट आहे. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलतो, आणि तो रागावत नाही, कारण त्याला ते मान्य आहे. शिलाई मशिनी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. त्या धंद्यात वाईटात वाईट काय होणार, तर बोटात सुई जाणार. मला वाटतं, म्हणूनच दादाने तो निवडला. मी शाळेची व्हॅन चालवतो. माझ्या व्हॅनमध्ये तो बसला की पुढे दोन्ही हात टेकून बसतो, जसं काही गाडी मी चालवतोय आणि थांबवायची जबाबदारी त्याची आहे.

घरातून निघताना गॅस, नळ, कुलूप आणि पुन्हा गॅस. वहिनी त्याला आधी बाहेर काढतात आणि मग स्वतः कुलूप लावतात. "अहो, ओढून ओढून कडी निखळेल एक दिवस," असं म्हणून म्हणून त्या दमल्या. पुढे पुढे घराला एक सवयच लागली. काळजीचं काहीही असलं की ते दादाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. वहिनींची दाढ काढली तेव्हा दादाच्या लेखी त्या मैत्रिणीकडे गेल्या होत्या. मुलगी सायकलवरून पडली तेव्हा ऐन उन्हाळ्यात आठवडाभर लांब बाह्यांचे शर्ट घालून हिंडली. सगळे त्याच्या मायेपोटीच करायचे, आणि थोडं स्वतःची कटकट वाचावी म्हणूनही.

ही मुलगी म्हणजे आमची भिंगरी. एका जागी ठरणार नाही म्हणून ते नाव. नोकरी लागल्यावर तिने एक जुनी गाडी घेतली आणि तिला कॉइलओव्हर बसवायचे ठरवले. म्हणजे गाडीचे जुने शॉकअब्जॉर्बर आणि स्प्रिंग काढून टाकायचे, आणि त्याजागी दोन्ही एकत्र असलेला नवा संच घालायचा. त्याला खाली आटे असतात, ते फिरवून गाडी हवी तेवढी खाली बसवता येते. चांगली चालणारी गाडी जमिनीला का टेकवायची, हे मला अजून कळलेलं नाही. पण तिचे दोन मित्र ते काम करून देणार होते, आणि हे ऐकून दादाची झोप उडाली.

"ती पोरं हसत हसत काम करतात," तो मला म्हणाला. "मी बघितलंय त्यांना."

"मग काय रडत करायचं?"

"मीच बसवतो."

घाबरून माणूस काय काय करतो बघा. ज्याने आयुष्यात गाडीखाली डोकं घातलं नव्हतं, तो महिनाभर वाचत बसला, माहीतगारांना विचारत राहिला, आणि एका रविवारी सकाळी घरामागच्या शेडमध्ये त्याने गाडी उचलली. खाली लोखंडी स्टँड लावले, शिवाय काढलेली चाकंही गाडीखाली सरकवून ठेवली. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर पडेल, आपल्यावर नाही. सुटलेला प्रत्येक बोल्ट पुसून डब्यात. मी स्टुलावर बसून टोमणे मारत होतो, पण खरं सांगतो, काम देखणं चाललं होतं.

दुपारपर्यंत चारी बसले. गाडी जमिनीवर आली, चाकं घट्ट झाली. राहिलं एकच. कॉइलओव्हरला खालून चाकाच्या दांड्याशी धरून ठेवणारे बोल्ट हवेत आवळायचे नसतात. गाडी आपल्या वजनाने खाली बसली की मगच त्यांना शेवटचा पीळ द्यायचा, नाहीतर आतलं रबर कायमचं मुरगळलेलं राहतं. तोवर नट नुसते बोटांनी फिरवून ठेवायचे. दादाने तसेच ठेवले होते. शेवटच्या पिळासाठी लागतो ठरलेल्या जोराला कट् आवाज करणारा पाना. तो आमच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे होता. मी दादाला स्कूटरवर घेऊन निघालो. जाताना त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगितलं, "गाडी अजून झालेली नाही हं." वहिनी "बरं" म्हणाल्या.

परत आलो तर शेड रिकामी.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "भिंगरी घेऊन गेली. मैत्रिणीकडे, टेकडीपलीकडे. चावी गाडीतच होती."

"मी सांगून गेलो होतो," दादा म्हणाला.

"अहो, मी तिला म्हटलं ना, बाबा म्हणताहेत अजून नाही. ती म्हणाली, आई, बाबा कधी हो म्हणालेत? तर मलाही हसू आलं." त्या थांबल्या. "का? काय राहिलं होतं?"

दादाने सांगितलं नाही. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. मी सांगितलं, कारण कोणीतरी सांगायला हवं होतं. वहिनींनी दाराची चौकट धरली आणि दुसऱ्या हाताने कमरेचा फोन काढला. दादाने तो त्यांच्या हातून ओढूनच घेतला.

"फोन नाही करायचा. उचलायला एक हात सोडेल. टेकडीवर वळणं आहेत."

"मग मेसेज कर," मी म्हणालो.

"वाचायला खाली बघेल."

मला संताप आला. माणसाने इतकं पुढचं बघू नये. पण मी व्हॅन चालवतो, आणि वळणावर फोन वाजला की हात कुठे जातो ते मला ठाऊक आहे. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येईना.

आम्ही निघालो. दादा मागे, पाना छातीशी धरून. एरवी गल्लीच्या तोंडाशीच त्याचं "हळू, हळू" सुरू होतं. त्या दिवशी तो गप्प होता. ही शांतता मला सहन होईना. मी म्हणालो, "अरे, काहीतरी बोल."

"नट पडला तर वाजतो का रे?"

"बोलू नकोस."

तो रस्त्याकडे बघत होता. चढ सुरू झाला तसा दर थोड्या वेळाने माझा खांदा दाबायचा आणि उतरायचा. एकदा बाटलीचं झाकण निघालं, एकदा खिळा. झाकण त्याने खिशात टाकलं. का टाकलंस, असं विचारायचा मला धीर झाला नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याच्या चेहऱ्याकडे मी बघत होतो, पुढे काही बघून आलेत का ते कळावं म्हणून. एक टेम्पोवाला हसत गेला, तर मला त्याचे पाय धरावेसे वाटले. पुढच्या वळणापाशी चार माणसं घोळका करून उभी दिसली, आणि दादाच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. माणसं बसची वाट बघत होती.

तिसऱ्या वळणाच्या पुढे, बंद दुकानासमोर, गाडी उभी होती. पुढचा एक कोपरा खाली गेलेला. भिंगरी गाडीपासून चांगली लांब, दगडावर बसली होती. मी स्कूटर थांबवायच्या आत दादा उतरला आणि पडला, उठला आणि तिच्यापाशी गेला. त्याने तिचे हात बघितले, डोकं बघितलं, पाठीमागून फिरून बघितलं. मग तो चाकापाशी जाऊन वाकला. एक नट नव्हताच. बोल्ट अर्धाअधिक बाहेर सरकून नुसता लोंबत होता. अजून दोन वळणं गेली असती तर काय, हे त्याने मला सांगितलं नाही. तो तिथेच खाली बसला.

"टकटक आवाज यायला लागला," ती म्हणाली. "मला भीती वाटली. मग हळूहळू बाजूला घेतली."

"केव्हा?" मी विचारलं.

"झाला बराच वेळ."

"मग फोन का नाही केलास?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही घाबराल म्हणून."

दादाचे हात इतके थरथरत होते की पाना रस्त्यावर वाजत होता. मग तो म्हणाला, "मी घाबरतोच गं. तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू. नाही सांगितलं तर मी सगळ्यालाच घाबरतो. काय झालं ते कळलं, तर निदान तेवढ्यालाच घाबरेन."

भिंगरी रडायला लागली. तिला इतकं रडताना मी लहानपणीही बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता उशिरा भीती आली. पण ती म्हणाली, "बाबा, माझी बदली झालीय. पुढच्या महिन्यात जायचंय. लांब आहे. सगळ्यांना माहितीय, तुम्हालाच सांगितलं नाही."

मी दुकानाच्या पाटीकडे बघत उभा राहिलो, कारण त्या सगळ्यांत मीही होतो. दादाने डोळे मिटले. आता हा कोसळणार, असं वाटून मी पुढे झालो. त्याने हाताने मला थांबवलं.

"तू लेथवाल्याकडून नट घेऊन ये," तो मला म्हणाला. "या मापाचा. दोन आण."

मी परत आलो तेव्हा गाडी जॅकवर होती, आणि तो तिच्या हाताने बोल्ट आत सरकवून घेत होता, कारण त्याचे हात अजून ऐकत नव्हते. नट लागला. गाडी खाली आली. भिंगरी पाना घेऊन रस्त्यावर आडवी झाली आणि दादा तिच्या डोक्यापाशी उकिडवा बसला.

"किती लांब आहे?" त्याने विचारलं.

"सकाळी निघालं की रात्री पोचायचं."

"रस्त्यात घाट?"

"आहे. मोठा आहे."

"खोली कितव्या मजल्यावर?"

"पाचव्या. लिफ्ट बंद असते."

"दाराला आतून कडी?"

"एकच आहे, बाबा. ढिली आहे."

पाना कट् वाजला. ती पुढच्या नटाकडे सरकली. त्याच्या कपाळावर घाम होता, तोंड कोरडं पडलं होतं, आणि तो विचारत होता. ती एकेक उत्तर खरं देत होती.