मायाक्काने अडवलेली जीप

मागच्या आठवड्यात सांगलीच्या एस.टी. स्टँडवर मायाक्काचा मुलगा बिरू भेटला. खांद्यावर घोंगडं, डोक्याचे केस काढलेले. मी ओळखलं नव्हतं, त्यानंच हाक मारली. "सायेब, आय गेली. पंधरा दिस झालं." मग जरा थांबून म्हणाला, "कवाकवा इचारायची, सायेब कुठं असत्यात आता म्हणून." चार वर्षं मी मायाक्काच्या गावापासून दोन तासांवर राहत होतो आणि एकदाही तिकडं फिरकलो नव्हतो...

मायाक्का मला प्रथम भेटली तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. सातारा जिल्ह्यात हमरस्त्यावरच्या एका जुन्या दगडी पुलाचं नवं डांबरीकरण माझ्याकडं आलं. मी नवखा ओव्हरसिअर. पर्यायी रस्ता नसल्यानं पूल बंद ठेवता येत नव्हता. अर्धी रुंदी उकरायची आणि उरलेल्या अर्ध्यावरून एकदा या बाजूच्या, एकदा त्या बाजूच्या गाड्या सोडायच्या, असं ठरलं. पण पूल मध्यावर उंच, या टोकाचं त्या टोकाला दिसत नसे. पहिल्याच दिवशी उसाचा ट्रक आणि एस.टी. मधोमध समोरासमोर अडकल्या. दोन्हीकडं मैलभर रांग लागली आणि मी कुणाला मागं घ्यायचं ते न सुचून नुसता इकडून तिकडं धावत होतो.

तेव्हा खडीची पाटी खाली ठेवून मायाक्का पुढं आली. कवठे महांकाळकडची धनगरीण, वय पन्नाशीच्या आसपास. मेंढरं दुष्काळात गेली म्हणून रस्त्याच्या कामाला लागलेली. "आमी वढ्यातनं मेंढरं काढताना शेवटच्या मेंढरामागं माणूस ठिवतो. त्यो पल्याड पोचल्याबिगार तिकडला कळप सोडत न्हाई," ती म्हणाली. त्यावरून युक्ती निघाली. सोडलेल्या शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ तांबडं रंगवलेलं दांडकं द्यायचं. ते पलीकडं पोचलं की मगच पलीकडच्या गाड्या निघायच्या. माझ्या वरच्या इंजिनिअर साहेबांनी पाहणीत या व्यवस्थेचं कौतुक केलं, ते मी माझंच म्हणून घेतलं. मायाक्काला मात्र साताऱ्याकडच्या टोकाला निशाण घेऊन उभं केलं. ती उभी राहिली की ट्रकवाले हॉर्नसुद्धा वाजवीत नसत.

मग एके दुपारी साहेबांची जीप आली. दांडकं अजून पलीकडून यायचं होतं. ड्रायव्हरनं गाडी पुढं काढली तशी मायाक्का बॉनेटपुढं उभी राहिली.

"बाई, साहेब आहेत आत," ड्रायव्हर ओरडला.

"असू द्या की. पल्याडनं येणाऱ्याला ठावं हाय का, आत सायेब हाईत म्हणून?"

पाव तास जीप उन्हात उभी होती. मी पुलाच्या मध्यावरून पळत आलो तेव्हा साहेबांनी एवढंच विचारलं, "या बाईला कुणी ठेवलंय इथं?" त्यांच्या आवाजात राग होता की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही. पण मी अजून पर्मनंट व्हायचा होतो. दुसऱ्या दिवशी मायाक्काच्या हातातलं निशाण काढून ऑफिसच्या शिपायाला दिलं आणि तिला डांबर ओतणाऱ्या टोळीत घातलं. ती म्हणाली, "माझं काय चुकलं व्हय?" मी म्हणालो, "वरून हुकूम आहे." तसा कुणाचाही हुकूम नव्हता.

शिपाई गरीब माणूस, गाडी पाहून सलाम करणारा. चौथ्या दिवशी कुठलीशी मोठी मोटार आली, तिला त्यानं दांडक्याविना सोडलं आणि तिच्या मागोमाग एक ट्रकही घुसला. मध्यावर समोरून एस.टी. आली. ट्रक मागं घेताना उकळत्या डांबराच्या पिंपाला धक्का बसला. पिंपाशी मायाक्का होती. गुडघ्यापासून खाली तिचा डावा पाय...

अहवाल मी लिहिला. 'मजुराने सुरक्षित अंतर राखले नाही.' एवढंच एक वाक्य, पण ते माझ्या अक्षरात आहे.

साताऱ्याच्या दवाखान्यात मी एकदाच गेलो. तिनं दोष दिला नाही. "परत मेंढरं घेतली तर त्यांच्यामागं चालायचं कसं आता, सायेब?" असं तिनं खरोखरच विचारलं, जणू शिकल्यासवरल्या माणसाला ते माहीत असणार. मी केळी उशाशी ठेवून निघून आलो. काम संपल्यावर साहेब पूल पाहायला आले तेव्हा म्हणाले, "ती जीप अडवणारी बाई दिसत नाही? अशी माणसं मिळत नाहीत हो." मी मान खाली घालून 'हो' म्हणालो.

बिरू भेटल्यावर परवाच्या रविवारी एस.टी.नं तिच्या गावाला निघालो. गावाअलीकडं वळणावर शाळा आहे. तिथं रस्ता मोकळा असताना ड्रायव्हरनं गाडी थांबवली, डावीकडं पाहिलं आणि पुन्हा गिअर टाकला. मी कंडक्टरला विचारलं, कोण उतरलं?

"कोन न्हाई. हितं एक लंगडी म्हातारी उभी असायची. पोरं रस्ता वलांडल्याबिगार गाडी सोडायची न्हाई. वारली आता. पर ह्याचा पाय ब्रेकवर जातोयच बघा."

शाळेच्या दाराला कुलूप होतं. मी मागच्या काचेतून ते वळण दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिलो.