खेकड्याची बिळं

नव्वदच्या दशकात मी पनवेलला एका विमा कंपनीच्या शाखेत दावे तपासत असे. एका दुपारी उरणकडचा एक मिठागरवाला आला. त्याने पेढ्यांचा पुडा थेट माझ्या टेबलावर ठेवला आणि एक मोठी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. आता फक्त नाचायचाच बाकी होता.

"मुंबईला बायकोच्या छातीची नवी तपासणी केली, साहेब. गाठबीठ काय नाय! आता येवढं बिल मंजूर करा."

मी नियम सांगितला. आजार निघाला आणि पेशंट हॉस्पिटलात दाखल झाला, तरच तपासणीचे पैसे मिळतात.

"म्हंजे गाठ निघायला पायजे व्हती?" तो इतका खदखदून हसला की कॅशियरही वळून बघू लागला. मग चप्पल काढून पायाचा अंगठा फरशीवर दाबत म्हणाला, "उधाणाच्या आधी आमी मिठागराच्या बांधावर फिरतो. असा अंगठा दाबत खेकड्याची बिळं शोधतो. एका बिळातनं पानी घुसलं तरी आख्खा बांध फुटतो. बीळ नाय सापडलं, म्हनून फेरी फुकट गेली असं कोन बोलत नाय."

मी ताडकन उभाच राहिलो. इतकं साधं! त्याच संध्याकाळी मुख्य कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं: अशा तपासण्यांचा खर्च आपण द्यावा. त्यात बांध घातला, खेकडेही घातले.

दीड महिन्याने उत्तर आलं. 'खेकड्यांचा विम्याशी असलेला संबंध स्पष्ट करावा.'

मी रजा टाकली आणि आईला त्याच तपासणीला घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे, ते मुख्य कार्यालयाला कळवलं नाही.