एक्कावन्नावा फेटा

फेटा माझ्या डोक्यावर फार तर वीस मिनिटं होता. मग तो सोडायला सांगितला.

बापूसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. मंगल कार्यालयाच्या दारात फेटेवाला बसला होता आणि मानाच्या पाहुण्यांची यादी माझ्या हातात होती. नावं पन्नास, मीच लिहिलेली. फेटे एक्कावन्न, मीच मोजून घेतलेले. गावात कुणाचंही कार्य असलं की हे काम माझ्याकडे येतं. अक्षर चांगलं आहे आणि मोजणीत चूक होत नाही, म्हणून. वीस वर्षांत फेटा कमी पडला असं एकदाही झालेलं नाही. आणि वीस वर्षांत कुठल्याही यादीत माझं नाव नव्हतं.

पन्नासावं डोकं बांधून झालं. फेटेवाला परगावचा. त्याला गावातलं काही ठाऊक नव्हतं. एक उरलाय, या इकडं, म्हणाला आणि माझ्या डोक्याला कापड गुंडाळायला लागला. मी नको म्हणालो नाही. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिने मला पाहावं म्हणून मी दोनदा तिकडून फिरून आलो.

मग शिवाजी आला.

त्याचं नाव यादीत नव्हतं. तो ऊसतोडीच्या टोळ्या ठरवायला पाथर्डीकडे गेला होता, येणार नाही म्हणून बापूसाहेबांनीच ते काढायला लावलं होतं. आता तो पांढऱ्या गाडीतून उतरला. बापूसाहेबांनी फेटेवाल्याकडे पाहिलं. त्याचे हात रिकामे. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्या डोक्यावर आली.

"आरं, तुझा सोड. तू काय, घरचाच हायेस."

शेजारी मानाची नावं पुकारणाऱ्या निवेदकाचा माईक चालू होता. सगळ्या मांडवाने ते ऐकलं. हशा झाला. लग्नात होतो तसा, कुणाला लागावं म्हणून केलेला नाही. मीही हसलो. आणि माझ्याच हाताने फेटा उतरवून दिला. फेटेवाल्याने तो झटकला, घामाने ओला झालेला भाग आत घेतला आणि शिवाजीच्या डोक्यावर बांधला.

घरचाच. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. माझा बाप टोळीबरोबर ऊस तोडायला इकडे आला आणि बापूसाहेबांच्या वडिलांकडे सालगडी म्हणून राहिला. त्यांच्या घरी जेवणावळ असली की आम्ही मागच्या दाराशी बसायचो. पंगतीमागून पंगती उठायच्या. भूक लागली म्हटलं की आतून आवाज यायचा, तुमी घरचेच, मागून बसा. घरच्याला वाढायचं शेवटी. आणि घरच्याच्या डोक्यावरचं काढायचं आधी, हे मला त्या दिवशी कळलं.

तिथे मोठ्या पदावरचा कुणी पाहुणा आला असता तर मला इतकं लागलं नसतं. पण शिवाजी. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच टोळीतले. आमच्या दोन कोप्या, पाचटाच्या झोपड्या, शेजारी शेजारी होत्या, मधे एकच भिंत. दहावीला तो गणितात नापास झाला, मला त्यात ब्याऐंशी पडले. मला सरकारी हवामान केंद्रात नोंदी घेण्याची नोकरी लागली. तो मुकादम झाला, मग वाहतुकीचा ठेकेदार. त्याच्या घराला चौदा खिडक्या आहेत. माझ्या घराला चार. हे आकडे मला ठाऊक आहेत, कारण मी मोजलेत.

लग्नानंतर अकरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. त्याची गाडी रस्त्याने गेली की मी मान वळवायचो आणि गेल्यावर वळून पाहायचो. त्याच्या बायकोची साडी, पोरीची नवी सायकल, फाटकावरचा दिवा. रात्री उशिरा आला की वाटायचं, काहीतरी अडलं असेल, बरं झालं. या सगळ्याला मी राग म्हणत होतो. राग म्हटलं की माणूस स्वतःला बरोबर वाटतो.

त्याची मुलगी पूजा माझ्या स्वातीबरोबर दहावीला. रोज संध्याकाळी दोघी माझ्याकडे गणित करायला बसायच्या. बाराव्या दिवशी पूजा आली तेव्हा मी दारातच उभा होतो. म्हणालो, उद्यापासून येऊ नको, मला वेळ नाही.

ती पायरीवर थांबली. "काका, माझं काय चुकलं का?"

मी नाही म्हणालो. तिने कंपासपेटी दप्तरात ठेवली आणि गेली. स्वाती आतून बघत होती. रात्री ती अर्ध्या ताटावरून उठली.

बायको, मंदा, भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"राग आला असता तर बापूसायबाला बोलला असता. तुमाला राग न्हाई आला. तुमी जळताय. आन काढताय त्या पोरीवर."

मी म्हणालो, तुला काय कळतंय.

"मला न कळायला काय झालं? तुमच्या भनीनं पाटल्या केल्या तवा मी बी आठ दिस जळत हुते. तिच्या हातचा चहा बी ग्वाड लागंना. पन मला ठावं हुतं, मी जळतीया म्हनून. तुमाला तेबी ठावं न्हाई."

भाकरी तव्यावर टाकून तिने पाण्याचा हात फिरवला. विषय संपला.

सकाळी मी केंद्रावर गेलो. कामाची रीत मला झोपेतही पाठ आहे. तापमापक वाचताना डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा. वरून पाहिलं तर आकडा चुकतो, खालून पाहिलं तरी चुकतो. दिसेल तेच लिहायचं, असावं असं वाटतं ते लिहायचं नाही. पाऊस नसला तर शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. कारण कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता असं नाही, माणूस बघायलाच गेला नाही असा तिचा अर्थ होतो. आणि चूक झाली तर खोडरबर नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही.

त्या दिवशी नोंद झाल्यावर मी स्वतःची वही काढली आणि लिहिलं: शिवाजी. राग. बराच वेळ त्याकडे पाहत राहिलो. मग रागावर एक सरळ रेघ मारली, वर हेवा लिहिलं आणि शेजारी सही केली.

तेव्हापासून रोज लिहायला लागलो. केंद्रावर जशी सकाळी आणि दुपारी नोंद घेतो तशीच ही. दूध आणायला गेलो, गाडी दिसली: हेवा, घशाच्या जरा खाली, गिळताना अडकतो. बाजारात एकाने फेट्याची आठवण काढून पाठीवर थाप मारली: लाज, कान गरम. स्वातीला पेपरात कमी गुण, मी ओरडलो: हेवाच, सकाळचा उरलेला. लिहून तो कमी होत नव्हता. पण आता तो आला की मला ओळखू यायचा, आणि ओळखला की तोंडावाटे दुसऱ्याच्या अंगावर जायच्या आधी दोन-तीन श्वासांची सवड मिळायची. एक ओळ लिहायला मात्र मला पंधरा दिवस लागले. मला तो फेटा हवा होता.

ती ओळ लिहिल्यावर वही पहिल्यापासून वाचली. पानोपानी शिवाजी. बापूसाहेबांचं नाव एकदाही नव्हतं. शून्यसुद्धा नाही. जागा कोरी.

मी बघायलाच गेलो नव्हतो.

मग त्या मांडवात परत गेलो, मनाने, पायरी पायरीने. आणि आठवलं. फेटेवाला जवळ आला तेव्हा शिवाजीने हात आडवा केला होता. राहू द्या, त्याच्या डोक्यावरचा कशाला, असं तो म्हणालाही होता. बापूसाहेबांनी त्याचा हात खाली केला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण हेव्याने ते माझ्या डोक्यातून पुसून टाकलं होतं, कारण त्याला शिवाजीच हवा होता. बापूसाहेबांवर रागवायला छाती लागते. शेजारच्या कोपीतल्यावर जळायला काही लागत नाही. आम्ही एकमेकांच्या खिडक्या मोजत बसतो आणि मागच्या दाराशी बसवणारा मोकळा राहतो.

त्याच संध्याकाळी शिवाजीच्या घरी गेलो. पूजा दारात आली. मी म्हणालो, "तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. आजपासून ये." शिवाजी काही न विचारता चहा सांगून माझ्यासमोर बसला. चहा पिताना मी त्यांच्या दिवाणखान्यातल्या खिडक्या मोजल्याच. घरी येऊन तेही लिहिलं.

पुढच्या लग्नसराईत बापूसाहेबांच्या मुलाचं लग्न ठरलं. निरोप आला, ये. ओट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवलेलं. दोन भाऊबंद शेजारी बसलेले. मी उभाच राहिलो. म्हणालो, यादी मी लिहिणार नाही.

बापूसाहेब हसले. "आरं, फेट्यासाठी रुसलास व्हय? मग ह्या टायमाला पयलं नाव तुझंच लिव. झालं?"

खोटं का सांगू. त्या क्षणी घशाखाली ते वर आलं. पहिलं नाव. माईकवर. शिवाजीच्या आधी. मला ते हवं होतं, आणि हवं आहे हे मला दिसत होतं. दोन श्वास गेले. मग बोललो.

"मांडवात माईकवर तुमी माझा फेटा सोडायला लावला. मी घरचा न्हाई, बापूसाहेब. घरचा असतो तर तुमी तुमच्या भावाचा सोडला असता."

भाऊबंदांपैकी एकाने तंबाखू मळायची थांबवली. बापूसाहेब म्हणाले, लई बोलायला लागला. मी पेनाला टोपण लावून ते कागदावर ठेवलं आणि आलो. घरी येऊन लिहिलं: भीती. खाली लिहिलं: राग. यावेळी रेघ मारावी लागली नाही.

लग्नाला मी गेलो. आमंत्रण गावाला होतं. अक्षता टाकल्या, मंदाला आणि स्वातीला घेऊन पहिल्या पंगतीला बसलो. शिवाजीच्या डोक्यावर केशरी फेटा होता आणि तो त्याला शोभत होता. मला हेवा वाटला. वाटू दिला.

निघताना दारात तोच फेटेवाला. त्याने मला ओळखलं आणि कापड हातात उलगडलं. "या की. एक उरलाय."

"न्हाई," मी म्हणालो. "उरलेला मी घेत न्हाई."