पाठातला नमस्कार

अकोल्याच्या जुन्या शहरात, देवळाच्या ओसरीवर मी पोरं शिकवायचो. धूळपाटीवर अक्षरं, मोडी वळण, तोंडी पाढे. मोबदल्यात ज्वारी मिळायची. मग कापसाचा भाव असा चढला की शेतकऱ्यांच्या घरी चांदी खुळखुळू लागली, आणि त्याच सुमारास मोर्णा नदीपलीकडे सरकारी शाळा निघाली. ज्याच्या हाती कापसाचा पैसा, त्याचं पोरगं तिकडे जायला लागलं. शेवटी माझ्याच पोराने धोशा लावला, छापील पुस्तक पाहिजे. ओसरीवर दुसरं कोणी उरलं नव्हतं. पाठवला त्याला.

त्या शाळेतल्या तरुण मास्तरला पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. औटकी, साधा साडेतीनचा पाढा, त्याला येत नसणार, पैजेवर सांगतो. पण गल्लीतून जाताना लोक त्याला वाट देत, आणि माझं पोरगं जेवताना त्याच्याच गोष्टी सांगे. माझ्याकडून शिकलेल्या पाढ्यांचं पोराने कधी कौतुक केलं नाही.

पुस्तकात प्रजेच्या कर्तव्यांचा पाठ होता. शेतसारा वेळेवर भरावा, खरी साक्ष द्यावी, रस्त्यात घाण टाकू नये. हे काय छापून सांगायचं? पण पोरगा आईला म्हणाला, "गल्लीत खरकटं पानी फेकू नको, पुस्तकात लिवलं हाये." लग्नापासून जिने माझा एक शब्द ऐकला नाही, तिने दुसऱ्याच दिवशी परसात खड्डा खणला. वर मलाच म्हणाली, "मास्तर चांगलं शिकवून राह्यले, हो." मी ताटावरून उठलो.

एका सकाळी मी सवयीने रिकाम्या ओसरीवर जायला निघालो, तर पोराने वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. सणवार नव्हता, काही नव्हतं. वाटलं, पोर आपलंच आहे.

"काहून रे आज?"

"कर्तव्याच्या पाठात हाये, बाबा. मायबापाले नमस्कार करावा. मास्तर आज इचारनार हायेत, कोनी कोनी केला म्हनून."

आशीर्वादासाठी उचललेला माझा हात वरच राहिला.

"ठेवा ना लवकर, बाबा. मले उशीर होऊन राह्यला."

मी हात ठेवला. 'आयुष्मान हो' तोंडाने म्हटलं, मनात मास्तरला शिव्या चालल्या होत्या. पोराला ते कळलं नाही. तो पायऱ्या उतरून, नमस्कार केल्याचं सांगायला, शाळेकडे धावत सुटला होता.