सोशिकपणाचा सूड

वृद्धाश्रमात नव्या डॉक्टरीणबाई खाटेखाटेशी जाऊन विचारत होत्या, "आजी, आजार जाणार नाही, पण दुखणं कमी करता येतं. कुठे दुखतं?" माझ्या शेजारच्या खाटेवरची सिंधू हसून म्हणाली, "काही नाही हो, बरी आहे." चादर मात्र मुठीत घट्ट आवळलेली. तिच्यात मला तरुणपणीची मी दिसले. कळा दाबून पंगतीला पोळ्या वाढणारी, 'सून सोशिक आहे हो' ऐकून फुगणारी बावळट! सोशिक म्हणजे जिच्या दुखण्याची घराला अडचण होत नाही ती, हे कळायला म्हातारपण लागलं. तोवर सासूबाई गेल्या, सूड राहिला. आज त्यांना वरपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "कंबर दुखते! गुडघे दुखतात! आणि ही सिंधू खोटारडी, रात्रभर उशी चावते!"

"चहाडखोर मेली!" सिंधू फिस्कारली. डॉक्टरीणबाई तिच्या खाटेवर टेकल्या, आणि सिंधू पहिल्यांदाच मोठ्याने कण्हली.