दोऱ्याने बांधलेली मादी

सगळ्यात आधी कोसेवाल्या भाऊंचं नाव घ्यायला हवं. गाव त्यांना याच नावाने ओळखतं. गडचिरोलीकडच्या आमच्या जंगलात ते ऐनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे पाळतात. शाळेत कधी गेले नाहीत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, पण पतंगांबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलेलं आहे.

मी कॉलेजात असताना एका वर्षी त्यांच्या ऐनावर मला एक राखाडी, केसाळ अळी दिसली. कोशाच्या किड्यांचा पाला खाते म्हणून ते ती वेचून फेकत. मी तीन अळ्या घरी आणून वाढवल्या. एकीला आतून परजीवी माशीने खाल्लं होतं, तिच्या कोशातून माशीच निघाली. दुसरीतून मळकट पांढरी, जाड पोटाची मादी बाहेर आली. मी घाईने ती मारून टाचणीवर लावली आणि चंद्रपूरला कॉलेजात प्राणिशास्त्राच्या बाईंना दाखवली. जुन्या पुस्तकात अशा एकाच मादीचं चार ओळींचं वर्णन सापडलं. नराबद्दल काहीच नव्हतं. बाई म्हणाल्या, नर तपासल्याशिवाय नाव नक्की करता येणार नाही.

उरलेल्या कोशातूनही मादीच निघाली. ही काही खात नाही, चार-पाच दिवस जगते. तेवढ्यात तिच्या वासावर नर यायला हवा होता. मी अंगणात पांढरी चादर बांधून बल्ब लावला आणि शेजारी जाळीत मादी ठेवली. दोन दिवस सकाळी चादर नाना तऱ्हेच्या पतंगांनी भरलेली असे. जाळीवर एकही नसे.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले. पहिली मादी मारल्याचं ऐकून म्हणाले, एवढं शिकून नवरीच मारली. मग बल्बकडे बघून त्यांनी विचारलं, "हा काऊन लावला? नर तिले शोधून राह्यला, का बल्बले?"

बल्ब विझवून, कोशाच्या मादीला बांधतात तसा त्यांनी तिच्या पंखाच्या मुळाशी सैल दोरा बांधला आणि तिला रानाकडेच्या ऐनाच्या डहाळीवर ठेवलं. मुंग्या चढू नयेत म्हणून खाली बिब्ब्याचं तेल फासलं. रात्रीत ती मेली तर, असं मी विचारलं. "तिचं काम तिले माहीत हाये. तू झोप."

सकाळी तिला चिकटून एक तपकिरी पतंग बसला होता. तिच्या निम्म्या आकाराचा, फणीसारख्या मिशांचा. असे मी चादरीवरही पाहिले असतील, आणि वेगळीच जात समजून सोडून दिले असतील.

नंतर भाऊंना पाठवलेलं पत्र असं होतं:

"भाऊ, नमस्कार. पत्र मुलीकडून वाचून घ्या. आपला पतंग नवीन जातीचा नाई. जुनाच हाये, पण त्याचा नर कोणी लिहून ठेवला नव्हता. आता मी अन् कॉलेजातल्या बाईंनी छापायच्या लेखात लिहिला. नर कसा मिळाला तिथं दोरा, बिब्ब्याचं तेल अन् अंधार, तिन्ही लिहिलं, अन् ही रीत तुमची हाये हेही लिहिलं. एक मात्र समजलं नाई. मादीने डहाळीवर अंडी घातली अन् आपल्या पोटाचे केस त्यांच्यावर चिकटवले. कोशाची मादी असं करत नाई. हिलेच हे केस काऊन लागतात? तुमच्या पाहण्यात काही आलं असेल तर सांगा. दिवाळीत येतो. तोवर दोन-चार अळ्या फेकू नका."