परत आलेल्या छत्र्या

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून ऐन हिवाळ्यातसुद्धा माणसं छत्री उघडून बाहेर पडत. आकाशात ढगाचा ठिपका नसे, आणि आमच्या फाटकातून काळी, पुरुषी छत्री डोक्यावर धरलेली एखादी मुलगी मान खाली घालून रिक्षाकडे चाललेली असे. भंडाऱ्यात नवीन आलेला माणूस थांबून वर बघायचा. आमच्या गल्लीला सवय झाली होती. पोरं डॉक्टरीणबाईंना छत्रीवाली म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

आभा, ईशान, तुम्ही त्यांना एकाच सुट्टीत पाहिलंत. ईशानने त्यांच्या सगळ्या छत्र्या अंगणात उघडून तंबू केला होता. त्या रागावल्या नाहीत. फक्त आतली पेशंट बाहेर येण्याआधी एक छत्री मोकळी करून दे, म्हणाल्या. परवा आभा फोनवर म्हणाली की ती चेहऱ्यावर केमिकल पील करून घेणार आहे, आणि आजी, तुला ते काय असतं ते समजणार नाही. मला समजतं, बाळा. कितीतरी वर्षं ते माझ्या पुढच्या दोन खोल्यांत होत होतं.

तुमचे आजोबा गेल्यावर त्या खोल्या मी डॉक्टरीणबाईंना भाड्याने दिल्या. त्या मूळच्या तुमसरच्या. शिक्षण नागपूरला झालं, लग्न केलं नाही, आणि चाळिशीच्या आसपास इकडे परत आल्या. नागपुरात चौकाचौकात त्वचेचा डॉक्टर आहे, इथे लोक औषधाच्या दुकानात जाऊन तोंड दाखवतात, असं त्यांचं म्हणणं. व्हरांड्यातल्या खुर्च्या माझ्या, त्या रोज संध्याकाळी मी ओळीत लावून ठेवी. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, हे मला आपोआप कळे.

पील म्हणजे सौम्य आम्लाने वरची जुनी साल सोडवायची. आधी चेहरा पुसून तेलकटपणा काढायचा, मग ब्रशने औषध लावायचं आणि घड्याळाकडे बघत उभं राहायचं. तेवढा वेळ चेहऱ्याची आग होते. डॉक्टरीणबाई एका हाताने पंखा हलवत आणि पेशंटला विचारत, आज काय स्वयंपाक केला? भाजी सांगितली की ती कशी केली ते विचारत. दाराआडून मी अर्ध्या जिल्ह्याची स्वयंपाकघरं ऐकली आहेत. एकदा साकोलीकडची एक बाई वांग्याची भाजी सांगता सांगता ओरडली, "मॅडम, जळून राहिलं वो!" यांनी शांतपणे विचारलं, "लसूण जळते का तोंड?" ती बाई हसायला लागली, आणि हसणं संपेपर्यंत यांनी औषध उतरवून थंड पाण्याची घडी ठेवलीसुद्धा.

मग छत्री. नवी साल कोवळी असते, तिला ऊन लागलं की डाग पहिल्यापेक्षा काळा होतो. हे त्या प्रत्येकीला सांगत. तरी कोणी दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत, कोणी आठवडी बाजारात. "कात टाकतानी साप बिळात बसते," त्या म्हणत, "अन् तू भाजीच्या दुकानावर बसून राहिली." सांगून भागेना, तेव्हा त्यांनी छत्र्या आणल्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. छत्र्या जात, परत येत नसत. मी कटकट केली की त्या म्हणत, "येतील, काकू. एक दिवस सगळ्या येतील, मग ठेवायला जागा नाही पुरणार."

गोरं करून द्या म्हणणाऱ्यांना मात्र त्या परत पाठवत. मुलीचा हात उलटा करून कोपराच्या आतली कातडी आईला दाखवत. "हा हिचा रंग. याच्या पलीकडे मी जात नाही. डाग असतील तर बस म्हणावं." आणि औषधाच्या दुकानातल्या, गोरं करणाऱ्या ट्यूबा महिनोन् महिने चोपडून आलेल्या मुलींना त्या खिडकीच्या उजेडात बसवून बघत. चेहरा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ आणि लाल झालेला असे. अशा चेहऱ्याला त्या ब्रश लावत नसत. "इथं आता थांबायचंच औषध आहे, काकू," एकदा त्या मला म्हणाल्या. "आणि थांबायला माझ्याकडे कोणी येत नाही."

प्राची आमच्याच गल्लीतली, साड्यांच्या दुकानवाल्यांची. तिच्या आजोबांच्या काळात त्यांचे माग होते. मुलगी हसतमुख, पण पिंपल्सचे डाग गालभर. लाखनीला हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या घरात तिचं लग्न ठरलं, तेव्हा मुलाची आत्या सहज बोलल्यासारखं बोलली होती, पोरगी चांगली आहे, तोंड तेवढं साफ झालं पाहिजे. लग्न उन्हाळ्यात होतं. डॉक्टरीणबाईंनी हिशेब करून थंडीत पील सुरू केलं, आणि शोभाला, म्हणजे प्राचीच्या आईला, समोर बसवून सांगितलं की पीलनंतर काही दिवस चेहऱ्याला हळद, बेसन, लिंबू काही लावायचं नाही. प्राची सगळं पाळायची. छत्री तर ती गच्चीवर कपडे वाळत घालतानाही धरायची.

दुसरं पील झालं आणि दोनच दिवसांनी लाखनीहून निरोप आला. मुलाच्या आजोबांचं काही खरं नाही, लग्न याच आठवड्यात उरकायचं. म्हातारे गेले असते तर वर्षभर मुहूर्त धरता आला नसता. शोभा आमंत्रण द्यायला आली ती धापा टाकतच. डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून व्हरांड्यात आल्या. हळद हातापायांना लावा, चेहऱ्याला नको, असं त्यांनी तिला दोनदा सांगितलं. शोभा म्हणाली, "मॅडम, नवरीच्या तोंडाले हळद नाही लावली तर लोक काय म्हणतील?" शेवटी कपाळाला एक बोट लावायचं ठरलं.

हळदीला आम्ही दोघी मांडवात सगळ्यांत मागे बसलो होतो. विधवेने हळदीत पुढे व्हायचं नसतं. हे तुम्हाला समजावून सांगावं लागतं, याचं मला बरंच वाटतं. आणि चाळिशी उलटलेल्या, लग्न न झालेल्या बाईला कुठे बसवावं हे कोणाला ठरवता आलं नाही, म्हणून त्या माझ्या शेजारी. शोभाच्या घरच्या बायकांनी कपाळाला बोटच लावलं. तेवढ्यात लाखनीची गाडी आली. नवऱ्याच्या अंगाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन आत्या आणि तिच्या मागे सात-आठ बायका गात गात आत शिरल्या. शोभा पुढे होऊन म्हणाली, "तोंडाले जराशीच लावा, माय."

आत्या म्हणाली, "काहून? आमची हळद जड झाली का?"

 शोभाचे हात खाली आले. माझ्या शेजारी डॉक्टरीणबाई अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या. समोर बायकांच्या पाठींची भिंत होती. आम्हाला प्राचीचे फक्त पाय दिसत होते. पायांची बोटं आत वळलेली होती.

थोड्या वेळाने गाणं मधेच थांबलं. बायका बाजूला झाल्या तेव्हा पाहिलं, चेहरा लालबुंद, डोळ्यांखाली सूज, हनुवटीपाशी साल हळदीतच सुटून आलेली. कोणीतरी हळूच म्हणालं, हळद मानवली नाही. दुसरी एक म्हातारी तितक्या हळू बोलली नाही. "तिकडे बुढा खाटेवर, अन् इकडे हे असं." आत्याने भावाला, म्हणजे नवऱ्या मुलाच्या वडिलांना, फोन लावायला मोबाइल काढला. तो फोन लागला असता तर काय झालं असतं, हे मांडवातल्या प्रत्येक बाईला कळत होतं. प्राचीलाही.

डॉक्टरीणबाई चालत पुढे गेल्या. "हळदीले नाव ठेवू नका," त्या म्हणाल्या. "माझं औषध होतं हिच्या तोंडाले. त्याच्यानं झालं."

"तुम्ही जाळलं पोरीचं तोंड?" आत्याने विचारलं.

"हो."

शोभा हातातल्या ताटाकडे बघत राहिली. आत्याने मोबाइल पर्समध्ये टाकला. मग जे बोललं गेलं ते सगळं डॉक्टरीणबाईंना उद्देशून होतं, आणि ते ऐकत ऐकत त्यांनी थंड पाणी मागवून प्राचीचा चेहरा धुतला, मलम लावलं.

घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, तुम्ही तर त्यांना बजावलं होतं. त्या म्हणाल्या, "खोटं कुठं बोलले, काकू? साल मीच काढली होती. आणि बजावलं होतं असं सांगितलं असतं तर दोष द्यायला उरलं काय? हळदच ना." मीही कुठे बोलायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी बोलले असते तर त्या मुलीची हळद पुन्हा चर्चेला आली असती.

लग्न झालं. थोड्याच दिवसांत लाखनीचे आजोबा गेले. नातवाचं लग्न बघून गेले, भाग्यवान, असं लोक म्हणाले. प्राचीचं नाव त्यात कोणी घेतलं नाही. दोष आधीच दुसरीकडे ठेवून झाला होता.

त्यानंतर छत्र्या परत यायला लागल्या. सकाळी फाटक उघडायला जावं, तर कडीला एक छत्री अडकवलेली. कधी मोलकरणीच्या हाती दोन यायच्या. वर्षानुवर्षं घराघरांत पडलेल्या, काही तर मी विसरूनही गेले होते. त्या बाईची वस्तू कोणाला घरात नको होती. निरोप नाही, बोलणं नाही. दांड्यावरचा लाल ठिपका तेवढा दिसे. डॉक्टरीणबाई एकेक छत्री उघडून, तारा तपासून, मिटून कोपऱ्यात उभी करत. कोपरा भरला, मग खुर्च्यांच्या मागे ओळ लागली. खुर्च्या रिकाम्याच होत्या. मी शाळेत जन्मभर मुलांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, आणि इथे माझ्याच व्हरांड्यात एवढी मोठी चूक उभी होती, तिच्याखाली रेघ मारता येत नव्हती. कोणी विचारलं की मी फक्त म्हणायची, डॉक्टर चांगल्या आहेत. लोक ऐकून घेत, घरमालकीण दुसरं काय म्हणणार.

पुढच्या पावसाळ्याआधी त्या रायपूरला एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला गेल्या. जाताना छत्र्या माझ्याकडे ठेवल्या. एक कमी आहे, असं मात्र त्या म्हणाल्या.

या डिसेंबरात मी लाखनीला गेले होते. परतीच्या बससाठी उभी असताना कडेवर मूल घेतलेली एक बाई दिसली. कोरड्या उन्हात डोक्यावर काळी छत्री. प्राची. गाल स्वच्छ, हनुवटीपाशी एक फिकट तपकिरी खूण. सोबत तीच आत्या. आत्याने मला ओळखलं आणि कौतुकाने म्हणाली, "पाहा ना जी. त्या डॉक्टरणीनं तर जाळलंच होतं. आमच्या हळदीनं सुधरलं तोंड." प्राचीने माझ्याकडे पाहिलं आणि आत्याला ऊन लागत होतं म्हणून छत्री जरा तिच्या बाजूला कलती केली. चेहरा छान झाला, एवढंच मी म्हणू शकले. बस आली.

घरी येऊन रायपूरला फोन केला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "छत्री आपलीच होती?"

"दांड्यावर ठिपका आहे," मी म्हटलं.

"उघडलेली होती ना?"

"हो."

  माझा आवाज मला नीट लावता येत नव्हता, आणि ते त्यांना तिकडे कळलं असावं.

"काकू," त्या म्हणाल्या, "आज काय स्वयंपाक केला?"

मी सांगितलं. भाजी कशी केली तेही त्यांनी विचारलं, आणि मी फोडणीपासून सांगत गेले.